जनुकाची नक्कल आणि शेंदरी अळी

परभणीहून गंगाखेडला आलं, गोदावरी मागे टाकली आणि दक्षिणेला राणीसावरगावचा रस्ता धरला, की जमीन बालाघाटाच्या अंगाला लागते. नदीकाठची भारी काळी जमीन संपते आणि हलकी, मुरमाड, पावसाच्या भरवशावरची शेती सुरू होते. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली खरिपाची पिकं. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला तर सरकी लावायची, दिवाळीच्या मागेपुढे वेचणी करायची आणि त्या पैशावर वर्षाचे व्यवहार भागवायचे. या पट्ट्यात आणि एकूणच मराठवाडा-विदर्भात २०१७ च्या हिवाळ्यात जे झालं, ते अजून लोकांच्या बोलण्यातून गेलेलं नाही. बाहेरून हिरवी, भरदार दिसणारी बोंडं फोडली की आत शेंदरी अळी निघत होती. जो कापूस फुटला तो कवडी होऊन. वेचणीची मजुरीही निघणार नाही म्हणून कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातला.

तेव्हा पारावर दोन कारणं ऐकू येत होती. एक, बियाणं बोगस होतं. दुसरं, अळीला औषधाची सवय झाली. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यावर उलगडा होत नाही. विकल्या गेलेल्या बहुतेक बियाण्यांत बीटी जनुक होतंच. मग जनुक असून पीक का गेलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला पेशीच्या आत, डीएनएवरून आरएनए तयार होतो त्या जागी जावं लागतं. बीटी कापसाच्या इतिहासातली तीन मोठी वळणं याच जागी घडली. शेतकऱ्याला मात्र त्यातलं एकही कुणी नीट समजावून सांगितलं नाही.

सातबाऱ्याचं मूळ दफ्तर जसं कचेरीतच राहतं आणि आपल्या हाती त्याची नक्कल येते, तसं पेशीत डीएनएचं आहे. मूळ डीएनए केंद्रकाबाहेर पडत नाही. ज्या जनुकाची गरज असेल तेवढ्याच भागाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते, ती बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन घडतं. ही नक्कल काढणारं विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल वाइस, जेरार्ड हर्विट्झ, ऑड्री स्टीव्हन्स आणि जेम्स बॉनर यांच्या प्रयोगशाळांनी ते जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे शोधलं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, सिडनी ब्रेनर, फ्रांस्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी दाखवून दिलं, की ही नक्कल अल्पायुषी असते. ती निघते, थोडा वेळ वापरली जाते आणि मोडते. कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, कुठल्या जनुकाच्या किती नकला निघतात यावरच पान आणि फूल यांतला फरक ठरतो. दोन्हींतला डीएनए एकच असतो.

बीटीची गोष्ट मात्र याच्या बरीच आधी सुरू होते. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता शिगेताने यांना रेशीमकिड्यांच्या एका रोगामागे एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळीत तोच जिवाणू मिळाला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीने ते खाल्ले, की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि आतड्याला भोकं पाडतात. माणसाच्या वा गुराच्या आतड्यात ती चिकटण्याची जागाच नसते. १९८१ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. आता हे जनुक वनस्पतीत घातलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं.

तसं घडलं नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तंबाखू आणि टोमॅटोत ते जनुक शिरलं, टिकलं, पण प्रथिन नावापुरतंच निघालं. अडचण नकलेतच होती. जिवाणूच्या जनुकात ए आणि टी या अक्षरांची गर्दी होती. वनस्पतीच्या पेशीत अशा ए-टीने भरलेल्या काही अक्षरमाळांचा अर्थ 'नक्कल इथे संपली, शेपूट लावा' असा होतो. काहींचा अर्थ 'ही नक्कल लवकर मोडा' असा होतो. जिवाणूला यातलं काहीच लागू नाही, त्याचे नियम निराळे. परिणामी वनस्पतीत अर्धवट तुटलेल्या आणि निघताच मोडणाऱ्या नकला तयार होत होत्या. मोन्सॅन्टोतल्या फ्रेडरिक पर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग जनुकाचा अर्थ तोच ठेवून त्याचं लेखनच बदललं. एकच अमिनो आम्ल सांगणारी अक्षरांची त्रिकुटं अनेक असतात, त्यामुळे प्रथिन जसंच्या तसं ठेवून अक्षरं बदलता येतात. जी आणि सी यांचं प्रमाण ३७ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांपर्यंत नेलं आणि घातक अक्षरमाळा काढून टाकल्या. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार नव्याने लिहिलेल्या जनुकामुळे झाडात प्रथिनाचं प्रमाण १०० पटींपर्यंत वाढलं. आपल्या शेतात आलेलं बीटी जनुक या दुरुस्तीचा वारस आहे. जिवाणूचं मूळ जनुक जसंच्या तसं कापसात टाकलं असतं तर अळीला त्याचा पत्ताही लागला नसता.

दुसरं वळण होतं नकलेच्या आज्ञेचं. पॉलिमरेजला कुठे बसायचं आणि किती जोमाने काम करायचं, हे जनुकाच्या आधीचा डीएनएचा तुकडा ठरवतो. त्याला प्रमोटर म्हणतात. कापसासाठी निवडला गेला तो फ्लॉवरच्या भाजीवर पडणाऱ्या एका विषाणूचा, '३५एस' नावाचा प्रमोटर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नाम-हाय चुआ यांच्या गटाने १९८५ मध्ये त्याचं काम उलगडलं होतं. याचा गुण असा, की तो पान, खोड, मूळ, फूल असं कुठेही चालू राहतो. 'सदा चालू' हीच त्याची ख्याती. बीटी कापसाची सगळी आखणी या ख्यातीवर उभी होती.

मराठवाड्यात हे आलं जालन्यातून. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको' सुरू केली होती. संकरित बियाण्यांच्या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. केंद्राच्या परवानगीने महिकोने अमेरिकेतून 'कोकर ३१२' या वाणाचं बीटी बियाणं १०० ग्रॅम एवढं आणलं आणि त्यातलं जनुक आपल्याकडच्या वाणांत संकराने उतरवायला घेतलं. १९९८ मध्ये महिको-मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी झाली आणि देशात ठिकठिकाणी चाचण्या सुरू झाल्या. २००१ मध्ये गुजरातेत 'नवभारत १५१' हे वाण परवानगीविना बीटी जनुकासह हजारो हेक्टरवर उभं असल्याचं उघड झालं. अखेर २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना परवानगी दिली.

त्या वेळची हालत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बीटीचं स्वागत का झालं हे सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना दाद देणं सोडलं होतं. लोक आठवड्याला फवारा मारत होते, औषधं मिसळून मारत होते, उधारीवर घेऊन मारत होते. बीटीच्या पहिल्या काही हंगामांत बोंडअळीसाठीची फवारणी खरोखर कमी झाली. हे नाकारणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. शेतकऱ्याने हे बियाणं डोळे मिटून घेतलं नव्हतं, फरक बघून घेतलं होतं.

जनुक आहे की नाही, हे बघणं सोपं. त्याच्या नकला किती निघतात, हा निराळा आणि अवघड प्रश्न. तो सोडवण्यासाठी जीवशास्त्रज्ञ गणिती प्रतिमान मांडतात. मूळ विचार साधा आहे. दर मिनिटाला नव्या नकला किती निघतात, जुन्या किती मोडतात, एका नकलेवरून प्रथिन किती घडतं आणि ते किती दिवस टिकतं, असे चार दर धरायचे. यात पाचवी गोष्ट मिसळते ती वाढीची. झाड भराभर वाढलं, की तेवढंच प्रथिन जास्त वजनात वाटलं जातं आणि ग्रॅममागचं प्रमाण घसरतं. नकलेचा दर थोडासा जरी खाली आला तरी काही दिवसांत प्रथिनाची पातळी नव्या, खालच्या जागी स्थिरावते. प्रत्यक्षात हे दर एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यामुळे साध्या कल्पनेला चकवणारे परिणाम दिसतात.

बीटी आलं त्याच वर्षांत महाराष्ट्रात असं काम होत होतं. मुंबईत पवईच्या आयआयटीत पैके जयदेव भट आणि के. व्ही. व्यंकटेश यांनी यीस्टमधल्या गॅलॅक्टोज साखरेच्या जनुकांचा अभ्यास चालवला होता. साखर मिळाली की ही जनुकं चालू होतात, नाही तर बंद राहतात. गॅल४ हे प्रथिन नक्कल सुरू करायला बसलेलंच असतं, गॅल८० त्याला दाबून धरतं आणि साखर आली की गॅल३ गॅल८० ला बाजूला ओढतं. मलखान वर्मा यांच्यासह त्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाने दाखवलं, की गॅल८० केंद्रकाच्या आत-बाहेर ये-जा करत असल्यामुळेच हा सगळा कारभार साखरेच्या थोड्याशा बदलालाही इतका तीव्र प्रतिसाद देतो. यीस्टच्या एका पेशीतल्या नकलेचा एवढा बारीक हिशेब मांडणारी माणसं राज्यात होती. लाखो हेक्टरांवर उभ्या राहणार असलेल्या जनुकाचा तसा हिशेब कुणी आधी मागितला नाही, ही गोष्ट मला फार खटकते.

तो हिशेब प्रत्यक्ष शेतात जाऊन घेतला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने. केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात आलेले बीटी संकरित वाण लावले आणि झाडाच्या वेगवेगळ्या भागांत, हंगामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर क्राय-१-एसी हे बीटी प्रथिन किती आहे ते मोजत गेले. २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेला त्यांचा अहवाल कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात भिंतीवर लावायला हवा होता. प्रथिन सर्वांत जास्त पानांत होतं. त्याखालोखाल पात्यांत, मग बोंडांत, मग फुलांत. फुलातल्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत ते अपुरं होतं. अळीला जी जागा सर्वांत प्रिय, तिथेच संरक्षण सर्वांत कमी. वाणावाणांतही फरक होता, म्हणजे तेच जनुक एका वाणात जोरात चाले आणि दुसऱ्यात मंद. आणि झाडाचं वय वाढेल तशी पातळी उतरत जाई. ग्रॅममागे साधारण दोन मायक्रोग्रॅमच्या खाली प्रथिन गेलं, की हिरव्या बोंडअळ्या जगायला लागत. बऱ्याच वाणांत ही वेळ पेरणीनंतर ११० दिवसांच्या सुमारास येत होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हंगाम पुढे सरकतो तशा बीटी जनुकाच्या आरएनए नकलाच झाडात कमी होतात. 'सदा चालू' म्हणून निवडलेला प्रमोटर म्हाताऱ्या पऱ्हाटीत पहिल्या जोमाने चालत नव्हता.

हे ११० दिवस मराठवाड्याच्या दिनदर्शिकेवर मांडून बघा. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लावलेल्या सरकीला ११० दिवस होतात ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. शेंदरी अळीचा जोर असतो ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे. त्यात पाण्याची सोय असली तर लोक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड घेत. म्हणजे झाडातलं प्रथिन उतरणीला लागल्यावरही अळीला खायला बोंडं महिनोन्महिने मिळत होती. अशा अर्ध्यामुर्ध्या मात्रेत नेमक्या त्याच अळ्या वाचतात ज्यांच्यात थोडी का होईना प्रतिकारशक्ती आहे.

संकरित वाणाचाच आणखी एक पेच होता आणि तो जगात जवळजवळ आपल्यापुरताच होता. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ वाण लावतात, त्यांच्या झाडातल्या प्रत्येक सरकीत जनुक असतं. आपल्याकडे एक पालक बीटी आणि दुसरा साधा, अशा संकरातून बियाणं होतं. ते लावलं की झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुक असतं खरं, पण त्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते तिच्यात मेंडेलच्या नियमाने चौथा हिस्सा जनुकाविना निघतो. शेंदरी अळी खाते ती सरकीच. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी. क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे आणि माझ्या मते बीटीच्या अपयशाच्या चर्चेत त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी कधीच मिळाली नाही. कंपन्यांसाठी संकरित बियाणं सोयीचं होतं, कारण ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून एक नियम होता. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रावर, जे जास्त होईल तेवढं, लावायची. आश्रयाच्या त्या ओळींत बिनप्रतिकाराचे पतंग जगतात, प्रतिकार असलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि होणाऱ्या पिल्लांना बीटी झाड मारून टाकतं. पण हे शेवटचं वाक्य खरं ठरायला झाडात विषाची मात्रा भरपूर हवी. सालीत आणि म्हाताऱ्या झाडात ती भरपूर नसते, हे तर आता आपण पाहिलं. शिवाय पुडी बांधावर फेकली जाई हेही खरं. पाच एकरांच्या आतल्या, कर्जावर चालणाऱ्या शेतकऱ्याला एक पंचमांश कापूस अळीला द्या म्हणून सांगताना त्यामागचा हिशेब कुणी मांडून दाखवला नाही. दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला मान्य नाही.

प्रतिकार किती वर्षांत येईल, याचंही प्रतिमान नागपुरात तयार झालं होतं. २००४ मध्ये क्रांती यांनी 'बीटी-अॅडाप्ट' नावाचं गणिती प्रतिमान प्रसिद्ध केलं. बीटीखालचं क्षेत्र, प्रतिकाराच्या जनुकाचं प्रमाण, अळीची इतर खाद्यपिकं, झाडातली विषाची पातळी असे घटक त्यात होते. ते होतं हिरव्या बोंडअळीसाठी, कारण तेव्हा तीच मुख्य शत्रू होती. ती तूर, हरभरा, टोमॅटो, भेंडी असं काहीही खाते. राणीसावरगावच्या शिवारात कापसाशेजारी तूर असतेच, आणि अशी तुरीची शेतंच तिच्यासाठी आपोआप आश्रयाचं काम करत राहिली. म्हणून की काय, हिरवी बोंडअळी आजही बीटीला मोठ्या प्रमाणावर पुरून उरलेली नाही. शेंदरी अळीचं तसं नाही. ती जवळजवळ पूर्णपणे कापसावरच जगते. बीटीखालचं क्षेत्र दहा वर्षांत देशाच्या एकूण कापसाच्या ९० टक्क्यांवर गेलं, मान्यता मिळालेले वाण हजारावर गेले, आणि तिला खायला बीटीशिवाय काही उरलंच नाही.

या अळीची रीत बघण्यासारखी आहे. पतंग फुलांवर, पात्यांवर, कोवळ्या बोंडांच्या देठाशी एकेक अंडं घालतो. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून रेशमाने शिवून टाकते, त्यामुळे फूल उमलत नाही, गुलाबकळीसारखं मिटून राहतं. अशा फुलालाच आपल्याकडे डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली, तर शिरताना पडलेलं बारीक छिद्र बोंड वाढताना भरून येतं. बाहेरून काही कळत नाही. आत ती एका कप्प्यातली सरकी पोखरते, मग पडदा फोडून दुसऱ्या कप्प्यात जाते. कपाशी फुटली की त्या कप्प्यातला कापूस पिवळट, चिकटलेला, लांबी गेलेला निघतो. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटीचं मोल इथेच होतं, कारण ती जिथे दडते तिथे विष आधीच भरलेलं असायचं.

पहिली जाहीर कबुली आली मार्च २०१० मध्ये. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत शेंदरी अळीने क्राय-१-एसीला प्रतिकार मिळवल्याचं मोन्सॅन्टोने सांगितलं. तोवर बाजारात दोन जनुकांचं 'बोलगार्ड-२' आलं होतं. त्याला मान्यता मिळाली २००६ मध्ये.  एक जनुक हरलं तर दुसरं सांभाळेल, हा बोलगार्ड-२ मागचा विचार. पण शेतात पहिलं जनुक हरत चाललेलं असताना एकट्या दुसऱ्यावर सगळा भार पडला.

आणि मग तिसरं वळण, जे वाचून मी कितीतरी वेळ थांबलो होतो. अळी वाचते कशी, हे शोधायला अॅरिझोनातले जेफ्री फॅब्रिक, ब्रूस टॅबॅशनिक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम शेंदरी अळ्या तपासल्या. विष जिला चिकटतं ती आतड्यातली कॅडहेरिन नावाची प्रथिन-जागा या अळ्यांत बिघडलेली होती. कॅडहेरिनच्या जनुकाची आठ नवी, पार मोडलेली रूपं सापडली. मात्र त्यांच्यावरून निघालेल्या आरएनए नकला आठ नव्हत्या, १९ प्रकारच्या होत्या. प्रगत जीवांत नक्कल निघाल्यावर तिच्यातले नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी १९७७ मध्ये हे शोधलं होतं आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या शेतातल्या अळ्यांत हीच कापाजोड भलतीकडे होत होती. एकाच जनुकावरून दोन-दोन, तीन-तीन तऱ्हेच्या सदोष नकला निघत होत्या आणि प्रत्येकीत एक तर मध्येच थांब्याची खूण होती किंवा मोठा तुकडा गायब होता. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटी पिकाचा शेतातला प्रभाव घटवणाऱ्या प्रतिकारात नकलेच्या अशा कापाजोडीचा हात असल्याचं त्यात पहिल्यांदाच दिसलं. दुसऱ्या जनुकाच्या, म्हणजे क्राय-२-एबीच्या बाबतीतही २०१८ मध्ये असाच निष्कर्ष आला. तिथे बिघाड एबीसीए-२ नावाच्या वाहक प्रथिनाच्या नकलेत होता.

म्हणजे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने झाडाला नीट नक्कल काढता यावी म्हणून जनुक नव्याने लिहिलं, आणि वीसेक वर्षांत आपल्या रानातल्या अळीने स्वतःच्या नकला बिघडवून त्याला उत्तर दिलं. झाडात विष किती उतरलं आहे, बोंडात किती दाणे बिनविषारी आहेत, आजूबाजूला नॉन-बीटी आहे की नाही, फरदड किती महिने उभी आहे, या सगळ्यांनी मिळून अशा बिघडलेल्या नकला असलेल्या अळ्यांना निवडून वाढवलं. २०१७ चा हंगाम हा त्या निवडीचा शेवट होता, एका रात्रीत आलेलं संकट नव्हतं.

अॅरिझोनात हीच दोन्ही बीटी जनुकं, हीच अळी. तिथे सुरुवातीपासून आश्रयाच्या ओळी काटेकोर लावल्या गेल्या आणि २००६ पासून वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले गेले. तिथे शेंदरी अळीने बीटीला कधी हरवलं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून शेंदरी अळी संपल्याचं जाहीर केलं. तिथल्या शेतांचं आकारमान आणि सरकारी यंत्रणा आपल्याहून फार वेगळी आहे, तेव्हा सरळ तुलना करणं न्यायाचं नाही. पण जनुक तेच असताना निकाल उलटा लागू शकतो, एवढं त्यातून ठरतं.

मराठवाड्याकडे स्वतःचं काही नव्हतं असंही नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'एनएचएच-४४', म्हणजे लोकांच्या तोंडी नांदेड-४४, बीटीपूर्व काळात या भागाचं लाडकं वाण होतं. परभणीच्या मेहबूब बाग केंद्रातून 'परभणी तुराब'सारखे देशी सरळ वाण निघाले. त्यांची सरकी शेतकरी घरची ठेवू शकतो. बीटीच्या लाटेत या कामाकडे दुर्लक्ष झालं. कमी मुदतीचं, सरळ वाणातलं बीटी सुरुवातीपासून असतं तर बोंडातला चौथा हिस्सा बिनविषारी निघाला नसता आणि पीक ११० दिवसांच्या उतरणीआधी बरंचसं हातात आलं असतं. माझं मत असं आहे, की ही संधी आपण धोरणाच्या पातळीवर घालवली. विज्ञान उपलब्ध होतं, नागपूरच्या संस्थेने ते वेळेत सांगितलंही होतं.

नवी जनुकं घातलेलं कापसाचं बियाणं कधी ना कधी येईलच. त्या वेळी मागायची गोष्ट साधी आहे. आज नागपूरच्या संस्थेने तयार केलेल्या पट्टीसारख्या साधनांनी जनुकाचं प्रथिन आहे किंवा नाही एवढं कळतं. पाकिटावर त्याच्या पुढचं छापायला हवं: या वाणाच्या पानात, पात्यात आणि बोंडाच्या सालीत ६०, ९० आणि १२० दिवसांना प्रथिन किती असतं, आणि सरकीच्या किती दाण्यांत ते नसतं. हे मोजता येतं, २००५ मध्येच मोजलं गेलं आहे. तोवर गंगाखेड-राणीसावरगावच्या शेतकऱ्यांना विनंती आहे, की पात्या लागल्या की कामगंध सापळे लावा, ते रोज बघा, आणि बोंडं धरली की दर आठवड्याला शेतात फिरून २० हिरवी बोंडं फोडा. दोन बोंडांत अळी निघाली तर उपायाची वेळ आली आहे. आणि डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी उपटून टाका, फरदड ठेवू नका.